आधी एक पावसाळा, मग पीएचडीचा अर्ज

अगं, तुझा मेसेज वाचला. "ताई, बेडकांची परिसंस्था आणि जनुकं यांवर पीएचडी करायचीय, पुण्यात कुठे जागा निघाल्यात का?" एमएस्सी संपत आली की हा प्रश्न पडतोच. पण तू जागा शोधायला निघाली आहेस, आणि मला वाटतं तू आधी प्रश्न शोधावास. जाहिरात बघून विषय घेणाऱ्या मुली तिसऱ्या वर्षापर्यंत कंटाळतात, कारण तो प्रश्न मुळात त्यांचा नसतो. ज्यांनी एखादा पावसाळा रानात काढला, काहीतरी पाहून मनात खटकलं आणि मग अर्ज केला, त्या टिकतात. आज निवांत बस, मला माहीत आहे ते सगळं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे तू अगदी योग्य गावात आहेस. लोकांना वाटतं की बेडूक पाहायचे तर केरळात जावं. दक्षिणेकडे जाती जास्त आहेत हे खरंच आहे. पण आपल्या उत्तर सह्याद्रीत सात-आठ महिने कोरडे जातात आणि मग चार महिने आभाळ फाटतं. एवढ्या टोकाच्या हवामानात ओल्या कातडीचा जीव तगतो कसा, हा प्रश्न इथेच विचारता येतो. आणि तो विचारणारी माणसं पुण्यात आहेत. 2002 मध्येच पुणे जिल्ह्यातल्या उभयचरांचा आढावा शहरातल्या प्राध्यापकांनी छापला होता. 2013 मध्ये इथल्याच अभ्यासकांनी एका छोट्या बुश फ्रॉगचं वर्णन केलं आणि त्याला पुण्यातल्या डॉ. हेमंत घाटे सरांचं नाव दिलं, राऑर्केस्टिस घाटेई. पुढच्या वर्षी आंबोलीहून इंडिराना चिरावासी या बेडकाचं वर्णन आलं. खंडाळ्याचं देवगांडूळ, म्हणजे बिनपायांचा उभयचर इंडोटिफ्लस बॅटर्सबाय, शास्त्राला 1960 पासून माहीत आहे. लोणावळ्याची लोकल धरून तू जाशील तिथला हा प्राणी, आणि त्याच्या आयुष्याबद्दल लिहिलेलं तुला फारसं काही सापडायचं नाही.

शिवाय वेळही आत्ताची आहे. 2023 मध्ये जगभरच्या उभयचरांचा दुसरा मोठा आढावा 'नेचर'मध्ये आला. जवळजवळ 41 टक्के जाती संकटात आहेत असं त्यात निघालं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतका धोक्यात असलेला दुसरा गट नाही, आणि अशा जाती जिथे एकवटल्यात त्या भागांत आपला पश्चिम घाट आहे. म्हणून हा विषय हौसेचा राहिलेला नाही, गरजेचा झालाय.

आता तुझ्या प्रश्नातल्या जनुकांकडे, म्हणजे लँडस्केप जेनेटिक्सकडे येते. हे नाव 2003 मध्ये रूढ झालं, पण त्यातली कल्पना सोपी आहे. दोन ठिकाणचे बेडूक एकमेकांत मिसळत असले तर त्यांच्या जनुकांमध्ये फारसा फरक राहत नाही. मिसळणं थांबलं की पिढ्यांगणिक फरक साठत जातो. हा फरक मोजायचा, नकाशावर मांडायचा आणि मधलं काय आडवं आलं ते शोधायचं: डोंगराची धार, रस्ता, धरणाचं पाणी, आंब्याची बाग, की नुसतं अंतर. इथे सरळ रेषेतलं अंतर कामाचं नसतं. सदाशिव पेठेतून हिंजवडी नकाशावर कितीशी लांब आहे, पण सकाळी नऊला निघून बघ! बेडकालाही असंच, किती किलोमीटर यापेक्षा वाटेत किती अडथळा हे महत्त्वाचं. त्या अडथळ्याला आकडा देण्याच्या पद्धती आहेत, त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आणि आर आणि क्यूजीआयएस तू आजपासून शिकू शकतेस.

पण या विषयात तीन खड्डे आहेत, आणि प्रस्ताव लिहायच्या आधी ते तुला माहीत हवेत.

पहिला खड्डा म्हणजे एका डबक्यातले सगळे बेडूकमासे गोळा करणं. हाताशी असतात, पटकन मिळतात, म्हणून मोह होतो. पण ती बहुतेक एका-दोन जोड्यांचीच पिल्लं असतात. तीस नमुने घेतलेस असं तुला वाटतं आणि प्रत्यक्षात एकाच कुटुंबाची जनुकं तीसदा वाचली जातात. शक्यतो प्रौढ घे, नाहीतर वेगवेगळ्या डबक्यांतून एकेक घे.

दुसरा, दिसायला सारख्या असणाऱ्या जाती. आपल्याकडचे भाताच्या खाचरातले छोटे बेडूक, ते मिनर्व्हार्या गटातले, डोळ्यांना एकसारखे दिसतात आणि निघतात वेगवेगळे. घाटाच्या दोन बाजूंच्या बेडकांत प्रचंड फरक आला म्हणून तू रस्त्याला दोष देशील, आणि नंतर कळेल की त्या मुळात दोन जाती होत्या. म्हणून आधी वर्गीकरण पक्कं करायचं. आवाज रेकॉर्ड करायचे, मापं घ्यायची, आणि 16एस जनुकाचा तुकडा वाचून जात ठरवायची. वर्गीकरणाला जुनाट म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. त्याच्याशिवाय तुझी सगळी आकडेमोड वाळूवर उभी राहते.

तिसरा खड्डा काळाचा. आज रस्ता झाला आणि उद्या जनुकांत फरक दिसला असं होत नाही, त्याला पुरेशा पिढ्या जाव्या लागतात. तू आज मोजशील तो फरक कदाचित पन्नास वर्षांपूर्वीच्या जंगलाने घडवलेला असेल. म्हणून जुने नकाशे हवेत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट पाहा आणि लँडसॅटची 1972 पासूनची चित्रं पाहा.

याच खड्ड्यातून एक सुंदर प्रश्नही निघतो, आणि तो पुण्याच्या उंबरठ्यावर आहे. मुळशीचं धरण शंभरीच्या आसपास आहे. सेनापती बापटांचा सत्याग्रह 1921 मध्ये सुरू झाला तो याच धरणाविरुद्ध. कोयनेचा शिवसागर 1960च्या दशकातला. त्यानंतरचीही धरणं पुणे जिल्ह्यातच आहेत. म्हणजे एकाच डोंगररांगेत वेगवेगळ्या वयाचे पाण्याचे अडथळे तुला आयते मिळतात. ओढ्याकाठी राहणारा, उघड्यावर फारसा न येणारा एखादा बेडूक घे. प्रत्येक जलाशयाच्या दोन्ही काठांवरचे नमुने घे, आणि धरण जितकं जुनं तितका फरक जास्त दिसतो का ते पाहा. सोबत खाचरात सर्रास फिरणारा दुसरा बेडूक तुलनेला ठेव. हा तुझा प्रश्न होईलच असं नाही, पण प्रश्न कसा असावा ते यावरून कळेल. जागा ठरलेली, जात ठरलेली, आणि उत्तर 'नाही' आलं तरी कामाचं.

आता पावसाळ्याबद्दल. मृग लागला की आंबोलीला किंवा एखाद्या कातळसड्यावर जा. आंबोलीचा टोड, झँथोफ्रायनी टायगेरिना, 2009 मध्ये शास्त्राला माहीत झाला. आययूसीएनच्या लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली आहे. अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे. कोरड्या दिवसांत कुठे दडतो पत्ता लागत नाही, आणि पहिल्या सरींनंतर जांभ्या दगडावरच्या वीतभर खळग्यांशी नर जमतात. त्या खळग्यांत पाणी असतं बोटाच्या पेरभर. तिथेच अंडी पडतात. दोन दिवस पाऊस उघडला आणि ऊन लागलं की पाणी आटतं, आणि अंडी खडकावर वाळून जातात. ते खळगे मोज. कुठल्यात अंडी होती, कुठला आटला, किती तासांत आटला ते लिही. तुला एक वही, एक पट्टी आणि एक थर्मामीटर लागेल, बाकी काही नाही. एवढ्या निरीक्षणातूनही पीएचडीच्या पहिल्या प्रकरणापुरता मजकूर उभा राहू शकतो.

नवं काही सापडायला दूर जावं लागत नाही, हे कोयनेजवळच्या हुंबरळीने दाखवून दिलंय. तिथे बॉम्बे नाईट फ्रॉगवर काम झालं आणि 2016 मध्ये छापून आलं. नर मादीला हातांनी मिठी मारत नाही, पानाचा किंवा फांदीचा आधार घेऊन तिच्या पाठीवर बसतो, आणि तो उतरून गेल्यावर मादी अंडी घालते. मीलनाची ही रीत आधी कुठल्याच बेडकात नोंदलेली नव्हती. शिवाय या जातीत मादीही आवाज देते. रात्रीमागून रात्री ओढ्याकाठी बसून पाहत राहिल्याने हे कळलं.

दगड उलटवशील तेव्हा एक लक्षात ठेव. बोटं दगडाखाली घालायची नाहीत. काठीने किंवा हुकाने दगडाची पलीकडची कड आपल्या दिशेने उचलायची, म्हणजे खाली फुरसं असलं तर दगड तुमच्या दोघांच्या मध्ये राहतो. पाहून झालं की दगड होता तसाच ठेवायचा. देवगांडुळांचं, पालींचं, विंचवांचं सगळं घर त्या सुट्या दगडांखाली असतं. कोकणात बागांसाठी सडे साफ होतात तेव्हा आधी हेच दगड जातात.

जनुकांसाठी नमुना घेणं शिकायला वेळ लागत नाही, शिस्त लागते. प्रत्येक बेडकाला नवा हातमोजा, तोही ओला. तोंडात कापसाची बारीक काडी हलकेच फिरवायची, ती इथेनॉलच्या कुपीत टाकायची. लेबल पेन्सिलने लिहायचं, कारण इथेनॉल सांडलं की पेनची शाई धुऊन जाते. जीपीएस, वेळ, तापमान लिहायचं आणि बेडूक जिथे होता तिथेच सोडायचा. दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी बूट आणि जाळी निर्जंतुक करून वाळवायची. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांमध्ये कायट्रिड बुरशीचा आशियाई प्रकार सापडल्याचं 2013 मध्ये पुण्यातल्या अभ्यासकांनीच दाखवलंय. आपल्या बुटांनी रोग इकडून तिकडे नेला तर आपण कसले अभ्यासक?

आणि परवानगीशिवाय एकही नमुना नको. अभयारण्यात काम करायचं तर नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयातून लेखी परवानगी लागते, आणि ती यायला महिने जातात. जूनमध्ये काम सुरू करायचं असेल तर अर्ज आदल्या दिवाळीतच टाक. नुसतं पाहायला, आवाज रेकॉर्ड करायला, अंतरावरून फोटो काढायला पहिल्या वर्षी हात लावावाच लागत नाही. तेवढ्याने सुरुवात कर.

आता तुझा मूळ प्रश्न, कुठे करायचं. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे प्राणिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र विभाग आहेत, शिवाय संलग्न महाविद्यालयांतली मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं आहेत. गरवारे महाविद्यालयात जैवविविधता विभाग आहे. पाषाणला आयसर आहे, तिथल्या जीवशास्त्र विभागाची स्वतंत्र प्रवेशप्रक्रिया असते. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथला नमुन्यांचा संग्रह पाहिल्याशिवाय सह्याद्रीतल्या बेडकांवर प्रस्ताव लिहू नकोस. पुण्याबाहेर बघायचं तर बंगळुरूचं आयआयएससी, एनसीबीएस आणि एट्री, हैदराबादला सीसीएमबीचं लॅकोन्स, तिरुपतीचं आयसर, देहरादूनची वन्यजीव संस्था, आणि बेडकांच्या वर्गीकरणासाठी दिल्ली विद्यापीठ. वाघांच्या जनुकांवरून जंगलांमधल्या वाटा ओळखण्याचं काम या देशात आधीच भक्कम झालंय. ती पद्धत बेडकांपर्यंत आणायला माणसं हवी आहेत, आणि तिथेच तुझी संधी आहे.

पण संस्थेच्या नावाआधी मार्गदर्शक बघ. त्यांचे गेल्या चार-पाच वर्षांतले पेपर वाच आणि पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का पाहा. त्यांच्या आजी-माजी विद्यार्थिनींशी एकटीने बोल. पीएचडीला किती वर्षं लागली, फील्डचा खर्च कोण देतं, रात्रीच्या कामाला गाडी मिळते का, आजारी पडलीस तर काय होतं, हे सरळ विचार. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर यूजीसीच्या नियमाने त्या मार्गदर्शकांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, तेही आधीच तपास. आणि एकट्या मार्गदर्शकाकडे रान आणि जनुकं दोन्ही असायची शक्यता कमी, म्हणून सहमार्गदर्शकाची सोय आहे का ते पहिल्याच भेटीत विचार. त्यात भीड कसली?

पैशाचं स्पष्ट बोलू, कारण घरी हाच प्रश्न आधी येणार. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे एसआरएफला 42,000 रुपये, आणि घरभाडं वेगळं. हे दर 1 जानेवारी 2023 पासूनचे आहेत. 2024 पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही धरले जातात, पण नुसत्या पीएचडी प्रवेशासाठीचा निकाल एकच वर्ष चालतो, म्हणून तारखा जपून ठेव. राज्याच्या संस्थाही विसरू नकोस. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी मुलामुलींसाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. यांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्यांनी कितीतरी खेड्यांतल्या मुली प्रयोगशाळेपर्यंत पोचवल्यात. कागदपत्रं, विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र, आत्ताच काढून ठेव. आणि अधिछात्रवृत्ती कुठलीही असो, पैसे कधीकधी काही महिने रखडतात. तेवढा घरखर्च बाजूला असू दे.

परदेशात जायचं मनात असेल तर जरूर जा. अमेरिकेत येलोस्टोनच्या सॅलमँडरवर आणि डोंगराळ भागातल्या ठिपक्यांच्या बेडकांवर लँडस्केप जेनेटिक्सचं पायाभूत काम 2005च्या सुमारास झालं, आणि तिथल्या अनेक प्रयोगशाळा आजही विद्यार्थी घेतात. युरोपात बहुतेक जागा ठरलेल्या प्रकल्पावर नोकरीसारख्या निघतात. प्राध्यापकांना मेल लिहिशील तेव्हा दहा ओळींच्या वर जाऊ नकोस. त्यांचा एक पेपर, त्यात तुला पडलेला एक खरा प्रश्न, आणि तुझ्या पावसाळ्यातलं एक निरीक्षण, एवढंच लिही. एकाच मेलच्या प्रती पन्नास जणांना पाठवल्या की त्या वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात. आणि इथले नमुने तिकडे न्यायचे तर जैवविविधता कायद्याप्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. म्हणून जनुकं वाचण्याचं काम भारतातच करायची योजना ठेवलीस तर बरं.

आता घरचं. "बेडकांवर पीएचडी?" असं आत्या-मावश्या विचारणार, आणि पाठोपाठ लग्नाचा विषय निघणार. चिडू नकोस. आईला एकदा दिवसाउजेडी सोबत ने, तू काय करतेस ते तिला दिसू दे. तुझं कौतुक नातेवाइकांना मग तीच सांगेल. यूजीसीच्या 2022च्या नियमांत पीएचडीला कमाल सहा वर्षं आहेत, महिलांना त्यावर दोन वर्षं वाढीव मिळतात, आणि बाळंतपण-बालसंगोपनासाठी एकूण 240 दिवसांपर्यंतची रजा आहे. ही मेहेरबानी नाही, तुझा हक्क आहे. लग्न कर अथवा करू नकोस, पण पीएचडी आणि संसार यांतलं एकच निवड असं कुणी म्हटलं तर हा नियम त्यांच्यापुढे ठेव.

रात्रीच्या कामाला एकटी जाऊ नकोस, कितीही धीट असलीस तरी. गावातलं एक ओळखीचं माणूस सोबत हवंच, आणि त्याला दिवसाचे पैसे रीतसर दे. गमबूट, डोक्याला बांधायचा टॉर्च, जास्तीच्या बॅटऱ्या घे. सर्पदंशावरचं प्रतिविष कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे ते पोचल्याच्या दिवशी विचारून ठेव. पाळीच्या दिवसांत काम एक दिवस पुढे ढकलावंसं वाटलं तर ढकल, त्याचं स्पष्टीकरण कुणाला देऊ नकोस. गावातल्या बायकांशी बोल. कुठला ओढा मे महिन्यातही ओला असतो, कुठल्या खाचरात आता बेडूक ओरडत नाहीत, हे त्यांना तुझ्या नकाशापेक्षा आधी कळलेलं असतं. त्यांच्याकडून शिकलेलं तुझ्या प्रबंधात त्यांच्या नावानिशी, त्यांना विचारून, येऊ दे.

पुढे नोकरीचं काय, हेही तुझ्या मनात असणार. नुसत्या बेडकांवर पगार देणाऱ्या जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. पण पाच वर्षांत तू आर शिकतेस, नकाशे शिकतेस, डीएनए वाचायला शिकतेस, आणि भर पावसात दहा माणसांचं काम उभं करायला शिकतेस. महाविद्यालयात शिकवणं, संवर्धन संस्था, वनखात्याचे प्रकल्प, पर्यावरणावरचे अभ्यास, जीनोमिक्सच्या कंपन्या, या सगळीकडे हे लागतं. सेटची परीक्षाही देऊन ठेव, महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांची दारं तिने उघडतात.

तर आता जून येईपर्यंत काय करायचं ते ठरवून टाक. नेटचा अभ्यास रोज सकाळी. आकुर्डीच्या केंद्रात पत्र देऊन संग्रह पाहायची वेळ माग. क्यूजीआयएसवर मुळशीच्या खोऱ्याचा नकाशा स्वतः काढून बघ. पाऊस पडला की ताम्हिणी, भीमाशंकर, आंबोली यांतली एकच जागा निवड आणि पूर्ण पावसाळा तिथेच परत परत जा. दहा ठिकाणी एकेकदा जाऊन फक्त फोटो मिळतात. गणपती झाले की वही उघड आणि जे कोडं सुटलं नाही ते एका वाक्यात लिही. ते वाक्य घेऊन घरी ये. दोघी बसून त्याचा दोन पानांचा प्रस्ताव करू, आणि मग कुणाला पाठवायचा त्यांची यादी काढू.